कॅनाल दु मिदीवरची लॉककीपरची घरं: मागची गोष्ट

दक्षिण फ्रान्समधल्या कॅनाल दु मिदीचे फोटो बघितले की पाण्याला खेटून उभं असलेलं एखादं घर दिसतंच, कौलारू, रंग उडालेल्या खिडक्यांचं, कुणी हौसेने बांधल्यासारखं. हौस कसली, ते लॉककीपरचं, म्हणजे कालव्याचे दरवाजे उघडणाऱ्या माणसाचं, क्वार्टर होतं. रेल्वे फाटकापाशी गेटमनची खोली असते ना, त्याच जातीचं.

कालव्यामागचा माणूस पिएर-पॉल रिके. धंदा मिठावरचा कर वसूल करण्याचा, वय पन्नाशीच्या पुढे, आणि तरी याने चौदाव्या लुईकडून १६६६ मध्ये मंजुरी मिळवली. तुलूझपासून भूमध्य समुद्राकाठच्या खाजणापर्यंत जवळजवळ २४० किमी. १६८१ च्या मे महिन्यात कालवा सुरू झाला, पण रिके त्याच्या काही महिने आधीच गेला, मुलांच्या डोक्यावर कर्जाचा डोंगर ठेवून.

मधे चढ-उतार आहेत म्हणून लॉक आली, म्हणजे बोट वर-खाली नेणारे दोन्हीकडे दरवाजे असलेले कप्पे. बोट आत घ्यायची, मागचा दरवाजा लावायचा, पाणी भरायचं किंवा सोडायचं, मग पुढचा दरवाजा. सुरुवातीला सरळ भिंतींचं एक लॉक मातीच्या दाबाने ढासळलं, म्हणून पुढची बहुतेक लंबगोल बांधली, मधे साधारण ११ मीटर रुंद आणि दरवाजापाशी ६. आता हे दरवाजे उघडणारं माणूस बोट आली की हजर हवं, म्हणून त्याचं घर तिथेच. भिंतीवर पाटी: लॉकचं नाव आणि वरचं लॉक किती मीटरवर, खालचं किती. बोटवाल्याला तेवढंच हवं असतं.

१७८७ मध्ये थॉमस जेफरसन इथून गेला, तेव्हा तो अमेरिकेचा फ्रान्समधला राजदूत होता. पठ्ठ्याने आपल्या बग्गीची चाकं काढून ती बोटीवर चढवली आणि आत बसून प्रवास केला. त्याने लिहून ठेवलंय की बहुतेक लॉक बायकाच सांभाळतात आणि हे काम त्यांना फार जड आहे. मला यातलं पहिलं वाक्य जास्त महत्त्वाचं वाटतं, कारण लॉककीपर म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर मिशीवाला पुरुषच येतो.

टपालाच्या बोटीने तुलूझहून कालव्याच्या समुद्राकडच्या टोकाजवळच्या आगदला जायला चार दिवस लागायचे, त्यामुळे जेवणाचे आणि मुक्कामाचे थांबे ठरलेले. नेग्रा नावाच्या लॉकवर तुलूझहून निघालेल्यांचं पहिल्या दिवसाचं जेवण व्हायचं, तिथे खाणावळ तर होतीच, शिवाय एक छोटं चर्चही.

मग १८५७ मध्ये बोर्दो-तुलूझ-सेत रेल्वे पूर्ण झाली आणि गंमत बघा, पुढच्याच वर्षी कालवा ४० वर्षांच्या लीजवर दिला तो त्याच रेल्वे कंपनीला! म्हणजे दुकान स्पर्धकाच्याच हातात. त्यांनी कालव्याचे दर चढे ठेवले, माल रेल्वेकडे वळला. १८९८ मध्ये सरकारने कालवा परत घेतला, पण तोवर व्हायचं ते झालेलं. मालवाहतूक तरी १९८० च्या दशकापर्यंत रखडत चालू होती, मग उरल्या टुरिस्ट बोटी.

दरम्यान लॉकवर मोटर आणि बटणं आली, तेव्हा दर लॉकला एक कुटुंब कशाला? १९९६ मध्ये कालवा युनेस्कोच्या यादीत गेला. आज काही घरांत कॅफे आहेत, काहींत पाहुण्यांच्या खोल्या, काही नुसती बंद. पाट्या मात्र बऱ्याच ठिकाणी तशाच आहेत, पुढचं लॉक किती मीटरवर ते सांगत.