सॉकेट तीन, फेडर तीन: डिजिटल मिक्सरच्या पॅचिंगची पार्श्वभूमी

अ‍ॅनालॉग मिक्सरवर सिग्नलचा रस्ता डोळ्यांना दिसायचा. मल्टीकोरची (स्टेजवरून मिक्सरपर्यंत येणाऱ्या अनेक तारांच्या जाड केबलची) सातवी लाइन सातव्या चॅनलला, आणि गेन (माइकचा सिग्नल किती वाढवायचा ते), इक्यू (जाड-बारीक सूर), फेडर (आवाजाची सरकपट्टी) सगळं एकाच उभ्या पट्टीत. आवाज आला नाही तर वायर धरून मागे मागे जायचं.

1987 मध्ये यामाहाचा आठ चॅनलचा डिजिटल मिक्सर डीएमपी7 आला, पण त्याचं कौतुक मुख्यतः स्टुडिओत झालं. कार्यक्रमवाल्यांना डिजिटलची सवय लावली ती यामाहाच्याच 2005 च्या एम7सीएलने. त्याच्या मोठ्या मॉडेलला मागे 48 माइक सॉकेट आणि पुढे तेवढेच चॅनल फेडर, त्यामुळे जुन्या हातांना काही बदलल्यासारखं वाटलंच नाही. वास्तविक सॉकेट आणि फेडर यांच्यामध्ये, कोणता सॉकेट कोणत्या चॅनलला जायचा ते ठरवणारा, इनपुट पॅच नावाचा तक्ता येऊन बसला होता.

2012 मध्ये बेहरिंगरचा एक्स32 आला, किंमत आवाक्यात आली आणि हा तक्ता छोट्या साऊंडवाल्यांच्याही वाट्याला आला. त्यात इनपुट आठ-आठच्या गटांनी निवडायचे. अभंगाच्या कार्यक्रमात पखवाज स्टेजबॉक्सच्या (स्टेजवर ठेवलेल्या सॉकेटच्या पेटीच्या) तिसऱ्या सॉकेटला लावला, पण 1 ते 8 हा गट ‘लोकल’वरच, म्हणजे मिक्सरच्या स्वतःच्या सॉकेटवरच राहिला, तर तिसरा फेडर कितीही चढवा, ढिम्म! निवेदकाचा एकच कॉर्डलेस मिक्सरपाशी लावायचा असला तरी अख्खा गट हलायचा. ही अडचण पुढे फर्मवेअर (मिक्सरमधलं सॉफ्टवेअर) 4.0 मधल्या ‘युजर इन’ने सुटली, त्यात एकेक सॉकेट वेगळा निवडता येतो.

दुसरा घोळ प्रीअ‍ॅम्पचा, म्हणजे माइकचा बारीक सिग्नल वाढवणाऱ्या सर्किटचा. गेन आणि 48 व्होल्टचं फँटम (कंडेन्सर माइकला लागणारी वीज) सॉकेटला चिकटलेलं असतं, चॅनलला नाही. माइक दुसऱ्या सॉकेटला हलवून पॅच बदलला की कंडेन्सर माइक गप्प होतो तो यामुळे. समोरचा (प्रेक्षकांसाठीचा) आणि मॉनिटरचा (कलाकारांना ऐकवणाऱ्या स्पीकरचा) असे दोन मिक्सर एकाच स्टेजबॉक्सवर असतील, तर एकाने गेन 6 डीबी वाढवला की दुसऱ्याकडेही तेवढाच वाढतो आणि तबलजीचा मॉनिटर शिट्टी मारतो. साऊंडचेकला गेन एकानेच लावावा. नंतर दोघांनी डिजिटल ट्रिम (आपल्या मिक्सरपुरतं कमी-जास्त करणं) वापरावा. मॉनिटरचे सेंड (मॉनिटरला पाठवलेले सिग्नल) प्री-फेडर, म्हणजे फेडरच्या आधी घेतलेले, आहेत ना, हेही तेव्हाच बघावं. क्लॉकचा (डिजिटल यंत्रांना एका तालात ठेवणाऱ्या घड्याळाचा) मास्टरही एकच हवा, नाहीतर टिकटिक ऐकू येते.

आवाज गायब झाला तर आधी सॉकेटचा मीटर, मग चॅनल, मग बस (चॅनल एकत्र होतात ती वाट), शेवटी आउटपुट पॅच. पहिला मीटर हलतो आणि दुसरा हलत नाही, तर चूक त्या दोघांच्या मधेच.

पुण्यात एकांकिका स्पर्धांना एका दिवसात अनेक संघ येतात, काही पेनड्राइव्हवर स्वतःचा सीन (मिक्सरच्या सेटिंगची जतन केलेली फाइल) घेऊन. त्या सीनबरोबर त्यांच्या तालमीच्या हॉलचं राउटिंगही (कुठला सिग्नल कुठे जायचा ते) लोड होतं आणि नाट्यगृहाचे स्पीकर भलत्याच आउटपुटला जातात. परका सीन लोड करण्याआधी राउटिंग ‘सेफ’ करून (सीन लोड झाला तरी बदलणार नाही असं) ठेवावं, आणि नाट्यगृहाचा मूळ सीन वेगळ्या पेनड्राइव्हवर जपावा.