जॉब कार्ड काढलं की बेकारी भत्ता आपोआप मिळतो?

‘रोजगार हमीचं जॉब कार्ड काढा, काम नसलं की भत्ता खात्यात जमा’, असा मेसेज मराठवाड्यात फिरत असतो. भत्ता कायद्यात आहे, हे खरं. पण तो कार्डावर नाही, कामाच्या मागणीवर मिळतो. ग्रामपंचायतीत नमुना ४, म्हणजे कामाच्या मागणीचा अर्ज, भरून द्या, तारखेची पोच घ्या. त्यानंतर १५ दिवसांत काम मिळालं नाही तरच हक्क सुरू होतो: पहिले ३० दिवस मजुरीच्या किमान पाव, पुढे किमान निम्मा.

घोडं अडतं ते पोचेवर. तोंडी मागणीला तारीख नसते. कधी काम निघाल्यावरच मागणीची नोंद होते, मग उशीर कागदावर दिसतच नाही. योजनेच्या संकेतस्थळावर आपल्या कार्डाच्या नोंदीतली मागणीची तारीख पोचेशी ताडून पाहा. फरक असेल तर तहसीलमध्ये लेखी तक्रार द्या, सोबत पोचेची झेरॉक्स. काम मिळूनही १५ दिवसांत हजर झाला नाहीत, तर मात्र ३ महिने भत्ता नाही.