खाऱ्या पाण्याच्या टँकसाठी चुनखडीचा दगड: टँकमध्ये ठेवण्याआधी वाचा

दगड हातात घेतला की बहुतेक ग्राहक पहिल्यांदा हेच विचारतात: "हा टाकला म्हणजे पीएचची काळजी मिटली ना?" नाही मिटत. चुनखडी म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, हे खरं. पण समुद्राच्या पाण्याचा पीएच ८.१ ते ८.३ च्या आसपास, आणि त्यात कॅल्शियम नि कार्बोनेट आधीच इतकं असतं की दगड विरघळतच नाही. कॅल्शियम रिॲक्टरमध्ये (टँकला कॅल्शियम पुरवणाऱ्या उपकरणात) अशीच खडी विरघळवायला कार्बन डायऑक्साइड सोडून पीएच ६.५ च्या जवळ आणावा लागतो. गोड्या पाण्याच्या टँकमध्ये मात्र चुनखडीने पाणी जड होतं. तिथला अनुभव इथे लावला जातो आणि गोंधळ होतो. केएच, म्हणजे पाण्यातली कार्बोनेट क्षारता, मोजणं चालूच ठेवा.

मग दगड कशासाठी? जिवाणूंना घर म्हणून. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून निघणाऱ्या अमोनियाचं नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे जिवाणू दगडाच्या पृष्ठभागावर वाढतात. प्राणवायू न पोहोचणाऱ्या आतल्या छिद्रांत नायट्रेट फोडणारे दुसरे जिवाणू राहतात. स्पष्टच सांगतो: घट्ट चुनखडीत अशी छिद्रं फार कमी. नायट्रेट आटोक्यात ठेवायला पाणी बदलावंच लागेल. भोकाभोकांचा, हाताला हलका लागणारा तुकडा मिळाला तर तोच उचला.

स्वतः गोळा केलेला दगड असेल तर कोरड्या दगडावर व्हिनेगरचे चार थेंब टाका. सोड्यासारखे बारीक बुडबुडे आले तर कार्बोनेट आहे. काहीच दिसलं नाही तर खिळ्याने ओरखडून निघालेल्या भुकटीवर पुन्हा टाकून बघा. पण एवढ्याने दगड सुरक्षित ठरत नाही. गंजासारख्या तांबूस शिरा किंवा धातूसारखी चमक दिसली तर तो बाजूला ठेवा. शेतातला किंवा नाल्यातला दगड आम्ही वापरूच नका म्हणतो. त्यात मुरलेलं फॉस्फेट पुढे कित्येक महिने पाण्यात उतरत राहतं आणि शेवाळ काही केल्या हटत नाही.

ब्रशने घासून धुवा. उकळू मात्र नका: आत अडकलेल्या पाण्याच्या वाफेने दगड फुटू शकतो, आणि जुन्या टँकमधल्या दगडावर झोअँथिड (प्रवाळांच्या जवळचे छोटे जीव) असतील तर त्या वाफेतून पॅलिटॉक्सिन या त्यांच्यातल्या विषाची गंभीर बाधा होऊ शकते. मग टँकच्याच खारटपणाच्या पाण्यात, पंप लावून, अंधारात ठेवा. दर आठवड्याला अमोनिया, नायट्राइट आणि फॉस्फेट तपासा. टँकमध्ये गेल्यावर सुरुवातीला तपकिरी थर चढतो. तो डायटम नावाच्या सूक्ष्म शेवाळाचा असतो. सहसा आपोआप जातो.

रचताना दगड आधी थेट तळावर बसवा, वाळू नंतर. वाळूवर ठेवलेल्या दगडाखालून गोबी मासा किंवा पिस्तूल झिंगा उकरत गेला की ढीग कलतो, आणि पुढे काच असते. घट्ट चुनखडीचे १० किलो दगड साधारण ३.७ लिटर पाण्याची जागा घेतात, म्हणून औषधाचा डोस टँकच्या मापावर नाही, उरलेल्या पाण्यावर काढा.