एक्स्चेंजचं कार्ड आणि बेरोजगारीचा टक्का

विधानसभेचं अधिवेशन सुरू झालं की हा घोळ ठरलेला. एखादा आमदार विचारतो, गोव्यात बेरोजगार किती? उत्तरात एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजमध्ये, म्हणजे नोकरीसाठी नाव नोंदवायच्या सरकारी कार्यालयात, नोंदलेल्यांचा आकडा येतो. दुसऱ्या दिवशी तो ‘गोव्यातले बेरोजगार’ म्हणून छापला जातो. मग कोणीतरी केंद्राच्या सर्वेक्षणातला टक्का त्याच्याशेजारी मांडतो, दोन्ही जुळत नाहीत असं बघतो आणि सरकार काहीतरी लपवतंय असं जाहीर करतो. सरकार लपवत असेलही. पण हे दोन आकडे कधीच जुळणार नाहीत, कारण ते एकाच गोष्टीचे नाहीत.

एक्स्चेंजच्या नोंदणी कार्डाबद्दल गोंयकाराला काय सांगायचं! बारावी झाली की नोंदणी करायची, मुदत संपली की नूतनीकरण. सरकारी पदाच्या जाहिरातीत १५ वर्षांच्या वास्तव्याच्या दाखल्याबरोबर एक्स्चेंजचं कार्डही मागतात, म्हणून ते फायलीत असलेलं बरं. नोकरी लागली तरी बहुतेक जण ते रद्द करत नाहीत. वेर्ण्याच्या औषध कारखान्यात तीन पाळ्यांत राबणाऱ्या मुलाचंही कार्ड चालू असतं, कारण त्याचं लक्ष पुढच्या एलडीसी, म्हणजे सरकारी कारकुनाच्या भरतीवर असतं. कार्ड म्हणजे रेल्वेचं वेटिंगचं तिकीट. ज्याच्याकडे ते आहे तो कदाचित केव्हाच कदंबच्या, म्हणजे आपल्या सरकारी, बसने निघालेला असतो.

सर्वेक्षण म्हणजे पीएलएफएस, नियतकालिक श्रमशक्ती सर्वेक्षण. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालय ते एप्रिल २०१७ पासून करतं. एक राज्याचं, दुसरं केंद्राचं. एकात नावं मोजतात, दुसऱ्यात नमुन्यातली घरं. हे फरक किरकोळ आहेत. खरी अडचण पुढे आहे.

एक्स्चेंज विचारतं, तुला काय हवं आहे. सर्वेक्षण विचारतं, तू काय केलंस. आणि ‘काम केलं’ म्हणायला लागणारी अट इतकी सैल आहे की ती पहिल्यांदा ऐकणाऱ्याला खोटी वाटते. साप्ताहिक मोजणीत गेल्या ७ दिवसांत कुठल्याही एका दिवशी १ तास काम केलं असेल तर माणूस रोजगारात. ‘नेहमीच्या स्थिती’च्या मोजणीत गेल्या ३६५ दिवसांत काही ना काही काम मिळून ३० दिवस झालं असेल तरी तो रोजगारात, मग उरलेलं वर्ष त्याने काम शोधण्यात घालवलेलं का असेना. वर्तमानपत्रात येणारा वार्षिक टक्का बहुधा याच दुसऱ्या मोजणीचा असतो. घरच्या धंद्यात बिनपगारी हातभार लावणारासुद्धा रोजगारातच. म्हणजे डिचोलीतला बीकॉम झालेला मुलगा स्पर्धा परीक्षेची पुस्तकं घेऊन वडिलांच्या भुसारी दुकानाच्या गल्ल्यावर बसत असेल, तर एक्स्चेंजच्या यादीत तो आहे, सर्वेक्षणाच्या बेरोजगारांत नाही.

आता उलट बाजू. वाळपईची बीएड झालेली बाई. कार्ड आहे, पण मूल लहान, सासू आजारी, म्हणून तिने शोधणं सोडून दिलंय. विचारलं तर सांगेल, सध्या जमणार नाही. सर्वेक्षणाच्या हिशेबात ती बेरोजगार नाही आणि रोजगारातही नाही. ती श्रमशक्तीच्याच बाहेर. बेरोजगारीचा दर काढताना भागाकार श्रमशक्तीने करतात, म्हणजे काम करणारे अधिक काम मागणारे. संपूर्ण लोकसंख्येने नव्हे! लोकांनी कंटाळून काम शोधणं सोडलं की दर खाली येतो, आणि खात्याचं पत्रक त्याला यश म्हणतं. या एका गोष्टीवर माझा सगळ्यात जास्त राग आहे. बायकांचा श्रमसहभाग किती आहे हे सोबत न सांगता बेरोजगारीचा दर सांगणाऱ्यावर मी विश्वास ठेवत नाही, मग तो सत्ताधारी असो की विरोधक.

मोजलं कोणाला जातं हेही बघा. बोटीवर गेलेला तारवटी सहा महिन्यांहून जास्त काळ बाहेर राहणार असेल तर तो घराच्या सदस्यांत धरलाच जात नाही. याउलट वेर्ण्यात भाड्याच्या खोलीत राहणारा परप्रांतीय कामगार इथला रहिवासी म्हणून मोजला जातो, आणि तो तर कामासाठीच आलेला असतो. त्याला कार्डाचं काहीच पडलेलं नसतं.

इतकी सैल व्याख्या असूनही जुलै २०२२ ते जून २०२३ या वर्षी देशाचा दर ३.२ टक्के होता आणि गोव्याचा ९.७. दरडोई उत्पन्नात आपण देशात वरच्या पंक्तीत, तरी हे. ‘बिहारपेक्षाही वाईट’ असे फॉरवर्ड तेव्हा बरेच फिरले. बिहारचा दर त्या वर्षी आपल्या निम्म्याहूनही कमी होता, हे खरं. पण त्याचं कारण तिथे कारखान्यांची रांग लागली आहे असं नव्हे. हातावर पोट असलेल्याला बेरोजगार राहणं परवडत नाही. तो काहीतरी करतोच आणि रोजगारात मोजला जातो. गोव्यातला पदवीधर थांबू शकतो. घरात आईवडिलांपैकी एकाची सरकारी पेन्शन, काका बोटीवर, एक खोली पर्यटकांना दिलेली. दोन-तीन वर्षं तो वाट बघतो आणि ‘काम शोधतोय’ म्हणून सांगतो. गोव्याच्या उंच दरात संकट आहे, पण बऱ्यापैकी ऐपतही आहे, असं माझं मत.

खरे पोळलेले मात्र दोन्हीकडे दिसत नाहीत. ७ फेब्रुवारी २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गोव्यातल्या ८८ लोहखनिज खाणपट्ट्यांचं नूतनीकरण रद्द केलं आणि मार्चच्या मध्यापासून खाणी थांबल्या. २०१२ च्या बंदीतून लोक जेमतेम सावरत होते. सांगे किंवा साखळी भागातला पन्नाशीचा मशीन ऑपरेटर घ्या. सरकारी नोकरीची वयोमर्यादा त्याने ओलांडलेली, तेव्हा कार्ड काढून उपयोग काय? वर्षात महिनाभर कोणाच्या तरी जेसीबीवर गेला की सर्वेक्षणात तो रोजगारात. आधीच्या पगारापेक्षा किती कमी हातात येतं, हे बेरोजगारीचा दर सांगूच शकत नाही. त्याच सर्वेक्षणात मिळकतीचे वेगळे तक्ते असतात, पण ते कोणी उघडत नाही.

हा घोळ नुसता मथळ्यांपुरता राहिला असता तर सोडून दिलं असतं. पण याच आकड्यांवर कौशल्य प्रशिक्षणाच्या योजना उभ्या राहतात. कार्डांची संख्या मोठी, म्हणजे मुलांना काही येत नाही, म्हणजे आणखी कोर्स काढा! फर्मागुढीच्या आयटीआयमधून बाहेर पडलेल्या फिटरला काम येतं. त्याला कंत्राटदाराच्या हाताखालची कायम नसलेली नोकरी नको आहे. तिथे तिसरं प्रमाणपत्र देऊन काय साधणार? आणि त्या वाळपईच्या बाईला अभ्यासक्रमाआधी पाळणाघर आणि संध्याकाळी वेळेवर सुटणारी बस हवी.

जाता जाता दोन गोष्टी. गोव्याचा नमुना लहान असतो, त्यामुळे एका वर्षात टक्का-दीड टक्का वरखाली झाला की फटाके किंवा मोर्चे काढू नयेत. आणि ‘कारखान्यांनी एक्स्चेंजमधूनच माणसं घ्यावीत असा कायदा आहे’ हे कृपया थांबवा. १९५९ चा कायदा (नोव्हेंबर २०२५ मध्ये सामाजिक सुरक्षा संहितेने त्याची जागा घेतली) खाजगी क्षेत्रात २५ किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनांना रिकाम्या जागा एक्स्चेंजला कळवायला सांगत होता. एक्स्चेंजने पाठवलेल्यांतूनच भरती करा, असं तोही कुठे सांगत नव्हता. पुढच्या अधिवेशनात कोणाला प्रश्न विचारायचाच असेल तर हा विचारा: चालू कार्डधारकांपैकी आज किती जण कुठे ना कुठे कामाला आहेत?