घरगुती व्यवसायाचे कागद : उद्यम नोंदणी, अन्न नोंदणी आणि शिशू कर्ज

शिलाई मशीनपुरते पैसे बाजूला काढलेले असतात, घरातला खिडकीजवळचा कोपराही ठरलेला असतो, आणि गाडी अडते ती कागदांपाशी. मग ओळखीतलं कुणीतरी सांगतं, "एजंटाला दोन-तीन हजार दे, तो सगळं करून देतो." ते दोन-तीन हजार देऊ नका. घरून चालणाऱ्या छोट्या व्यवसायाला सुरुवातीला जे सरकारी कागद लागतात, त्यातला मुख्य कागद पूर्ण फुकट आहे आणि तो मोबाइलवरूनही निघतो. तुटपुंज्या बचतीतला प्रत्येक रुपया मालासाठी राहिला पाहिजे.

मुख्य कागद म्हणजे उद्यम नोंदणी, छोट्या-मध्यम व्यवसायांची सरकारी नोंद. १ जुलै २०२० पासून जुन्या उद्योग आधारच्या जागी ही पद्धत आली. व्यवसाय सूक्ष्म, लघु की मध्यम हे सरकार यंत्रसामग्रीतली गुंतवणूक आणि वार्षिक उलाढाल यांवरून ठरवतं. १ एप्रिल २०२५ पासून सूक्ष्म उद्योगासाठी गुंतवणुकीची मर्यादा अडीच कोटी आणि उलाढालीची दहा कोटी आहे, म्हणजे आपण कितीही दणक्यात चाललो तरी पहिली काही वर्षं सूक्ष्मच राहणार. उत्पादन आणि सेवा दोन्हींना नोंदणी मिळते. नुसती खरेदी-विक्री करणाऱ्यांनाही २०२१ पासून मिळते, मात्र त्यांना फायदा फक्त बँकेच्या प्राधान्य क्षेत्रातल्या कर्जापुरता, म्हणजे ज्या क्षेत्रांना ठरावीक वाटा कर्ज देणं बँकांना बंधनकारक असतं तिथल्या कर्जापुरता. शिक्षणाची अट नाही, दुकानाचा गाळा हवा अशीही अट नाही. घरचा पत्ता चालतो.

कागद अपलोड करावे लागत नाहीत, सगळं स्वयंघोषणेवर चालतं. समोर हवं ते इतकंच : आधार क्रमांक, त्याला जोडलेला चालू मोबाइल, पॅन, बँक पासबुक आणि ईमेल. जीएसटी क्रमांक असेल तर द्यायचा. कायद्याने लागतच नसेल तर त्यावाचून काही अडत नाही.

आता जिथे खरंच अडतं ते सांगते. आमच्या वहिनींचा अर्ज भरायला बसलो होतो. आधारवर लग्नानंतरचं नाव, पॅनवर माहेरचं. आधारचा ओटीपी आला, पुढचं पान उघडलं, पॅन टाकला आणि फॉर्म तिथेच थांबला. तीनदा टाकून पाहिला. वहिनींना वाटलं मोबाइलच बिघडला. बिघाड मोबाइलमध्ये नव्हता, दोन कागदांवर दोन बायका होत्या! पॅन दुरुस्तीचा अर्ज टाकला, नवं कार्ड येईपर्यंत थांबलो, आणि नंतर तोच फॉर्म वीस मिनिटांत पार पडला. म्हणून अर्जाला बसण्याआधी आधार, पॅन आणि पासबुक शेजारी ठेवून नावाचं अक्षर न् अक्षर जुळवा. जन्मतारीखही बघा. पॅन काढलेलाच नसेल तर आयकर खात्याच्या पोर्टलवर आधारच्या ओटीपीवर ई-पॅन फुकट मिळतो. तेवढ्यासाठीही कुणाला पैसे मोजायची गरज नाही.

संकेतस्थळाच्या बाबतीत मात्र डोळ्यांत तेल घाला. शोधायला गेलं की वर जाहिरातीतली ठिकाणं येतात : तसाच तिरंगा, तसंच नाव, आणि शेवटी "नोंदणी शुल्क" म्हणून पैशांची मागणी. खरं पोर्टल शेवटपर्यंत एक रुपया मागत नाही. पत्त्याच्या शेवटी 'जीओव्ही डॉट इन' आहे का, एवढं बघा. स्वतः जमत नसेल तर जिल्हा उद्योग केंद्रात विचारा.

फॉर्ममध्ये सुरुवातीला आधार क्रमांक आणि आधारवर आहे तसंच नाव टाकायचं, संमतीच्या चौकोनावर खूण करायची, ओटीपी द्यायचा. संस्थेचा प्रकार विचारतात तिथे एकटीचा किंवा एकट्याचा व्यवसाय असेल तर 'प्रोप्रायटरी' निवडा. मग पॅनची पडताळणी, मागच्या वर्षी आयकर विवरणपत्र भरलं होतं का, जीएसटी आहे का, हे प्रश्न. पुढे व्यवसायाचं नाव. इथे घाई नको, कारण बँकेत खातं उघडताना हेच नाव लागणार आहे. त्यानंतर पत्ता, सुरू केल्याची तारीख, बँक खातं आणि कामाला किती माणसं हे येतं. एकट्याच असाल तर एकच लिहा. आकडा फुगवून काहीही मिळत नाही.

सगळ्यात जास्त गोंधळ होतो तो एनआयसी कोडपाशी. तुमचं काम नेमकं काय, हे आकड्यांत सांगणारी ही यादी आहे. दोन आकड्यांचा मोठा गट, मग चार, मग पाच आकडी कोड, असं आत आत जायचं. कपडे शिवण्याचा गट १४, त्यात १४१०, आणि गिऱ्हाइकाच्या मापाने शिवून देणं म्हणजे १४१०५. मसाले कुटून-दळून विकायचे तर १०७९५. एकाहून जास्त कोड जोडता येतात. शिवणकामासोबत पुढे शिकवणीही घेणार असाल तर तोही कोड आताच जोडा. मात्र दिसेल तो कोड जोडत सुटू नका. कर्जाच्या वेळी बँकेचा माणूस यातलं नक्की काय करता म्हणून विचारतो आणि आपल्याला उत्तर देता येत नाही.

गुंतवणुकीच्या रकान्यात मशीन आणि अवजारांची किंमत येते, तीही जीएसटी वगळून. घर, जमीन, फर्निचर यात धरत नाहीत. म्हणजे कापायचं टेबल बाहेर, शिलाई मशीन आत. व्यवसाय अगदी नवा असेल तर हे आकडे स्वतःच्या अंदाजाने भरायचे असतात. पहिलं विवरणपत्र भरल्यावर पुढे तिथले आकडे धरले जातात.

शेवटचा ओटीपी दिला की नोंदणी क्रमांक मिळतो आणि क्यूआर कोडचं प्रमाणपत्र उतरवून घेता येतं. त्याचं नूतनीकरण करावं लागत नाही. "मुदत संपली, पैसे भरा" असा फोन आला तर सरळ ठेवून द्या. एका व्यवसायाला एकच नोंदणी. काम वाढलं, पत्ता बदलला तर त्याच क्रमांकावर बदल करायचा, नवी काढायची नाही. ज्यांचा व्यवसाय अगदीच लहान आणि पॅन-जीएसटीच्या बाहेरचा आहे, त्यांच्यासाठी जानेवारी २०२३ पासून उद्यम असिस्ट ही वेगळी वाट आहे. ती बँका आणि वित्तसंस्थांमार्फत चालते, म्हणून आपल्या खात्याच्या शाखेत विचारायचं.

खाण्याचा पदार्थ विकणार असाल तर आणखी एक कागद टाळता येत नाही. अन्नसुरक्षा कायदा २००६ चा आहे आणि घरच्या स्वयंपाकघरातून विकणाऱ्यालाही तो लागू होतो. "आम्ही तर फक्त ओळखीतच देतो" ही सबब तिथे चालत नाही. २०११ च्या नियमावलीने वर्षाला १२ लाखांपर्यंत उलाढाल असलेल्यांना परवान्याऐवजी साधी नोंदणी ठेवली आणि तिचं शुल्क वर्षाला १०० रुपये ठरवलं. अर्ज फॉसकॉस या अन्न नोंदणीच्या सरकारी पोर्टलवर होतो. मर्यादा, शुल्क आणि मुदत यांचे त्या दिवशीचे आकडे तिथेच बघून घ्या. फोटो, ओळखपत्र, जिथे पदार्थ बनतो त्या जागेचा पत्ता आणि पदार्थांची यादी एवढं लागतं. ओळखपत्रावरचा पत्ता वेगळा असेल तर वीजबिल किंवा भाडेकरार जोडा. आपल्याकडे हे काम अन्न व औषध प्रशासन बघतं आणि कुणीतरी स्वयंपाकघर पाहायलाही येऊ शकतं. पाण्याची टाकी झाकलेली आहे का, कचऱ्याच्या डब्याला झाकण आहे का, हे त्याआधी आपणच बघावं. मिळालेला १४ आकडी क्रमांक पाकिटावर छापायचा असतो, म्हणून हजारभर लेबलं आधी छापून घेऊ नका. क्रमांक हातात आला की मग छापा, आणि त्यावर घटक, वजन, बनवल्याची तारीख, किंमत, आपला पत्ता आणि शाकाहारी असेल तर हिरवी खूण आहे ना, ते तपासा.

शॉप ॲक्ट, म्हणजे दुकानं-आस्थापनांच्या कायद्याखालची नोंद, जुन्या लोकांचा गुमास्ता, याबद्दल बरेच गैरसमज आहेत. महाराष्ट्राच्या २०१७ च्या कायद्याप्रमाणे, २०२५ च्या दुरुस्तीनंतर, वीसपेक्षा कमी माणसं कामाला असतील तर नोंदणी नाही, फक्त ऑनलाइन सूचना द्यायची, तीही व्यवसाय सुरू झाल्यापासून ६० दिवसांत. आधार, फोटो, स्वयंघोषणा आणि मराठी नावाच्या पाटीचा फोटो तयार ठेवा. या सूचनेची पावती बँकेत उपयोगी पडते, कारण व्यवसायाच्या नावाने चालू खातं उघडताना त्या नावाचे दोन पुरावे मागतात. एक उद्यम, दुसरी ही पावती.

जीएसटीची धास्ती बहुतेकांना विनाकारण असते. माल विकणाऱ्याला वर्षाला ४० लाखांपर्यंत आणि सेवा देणाऱ्याला २० लाखांपर्यंत नोंदणी लागत नाही. माल दुसऱ्या राज्यात विकायला लागलात तर मात्र हस्तकलेसारखे काही अपवाद सोडून पहिल्या रुपयापासून लागते. ऑनलाइन बाजारावर आपल्याच राज्यात माल विकणाऱ्या छोट्यांना १ ऑक्टोबर २०२३ पासून जीएसटी नोंदणीच्या सक्तीतून सूट आहे. त्यांनी जीएसटी पोर्टलवरून फक्त एक नावनोंदणी क्रमांक घ्यायचा.

आता कर्ज. मुद्रा योजना ८ एप्रिल २०१५ ला सुरू झाली. तिचा पहिला टप्पा शिशू, ५० हजारांपर्यंत. त्यापुढे किशोर ५ लाखांपर्यंत आणि तरुण १० लाखांपर्यंत. तरुण कर्ज नीट फेडलेल्यांना आता २० लाखांपर्यंतही मिळतं. तारण नाही. पण हे अनुदान नाही, आणि ते पुढे माफ होतं ही निव्वळ अफवा आहे. पैसे सरकारचे नाहीत, बँकेचे आहेत. हप्ता चुकला की सिबिल, म्हणजे कर्जफेडीच्या सवयीचा गुणांक, बिघडतो. याआधीच्या कुठल्याही कर्जाची थकबाकी असेल तर अर्ज टिकत नाही, आणि घरखर्चासाठी किंवा लग्नासाठी ही योजना नाहीच.

शिशूचा अर्ज एका पानाचा आहे. ओळखीचा आणि पत्त्याचा पुरावा, दोन फोटो, उद्यम प्रमाणपत्र, आणि जे घ्यायचं आहे त्याचं दुकानदाराकडचं कोटेशन. या कोटेशनवरच अर्ज तरतो किंवा बुडतो. "मशीन व साहित्य, ५०,०००" अशी एक ओळ लिहून नेली तर साहेब कागद बाजूला ठेवतात. समजा ओव्हरलॉक मशीन १८ हजार, मोटर ३ हजार, अस्तर-धागे-बटणांचा पहिला माल ९ हजार. एकूण ३० हजार. यातले ६ हजार माझ्या बचतीतले, २४ हजार बँकेने द्यावेत. कोटेशनवर दुकानाचं नाव, मशीनचं मॉडेल आणि तारीख. मागणी ५० हजारांपर्यंत करता येते म्हणून ५० हजारच मागायचे असं नाही. २४ हजारांच्या कर्जाचा हप्ता दोन ब्लाउजांच्या शिलाईतून निघत नाही, पण महिन्याच्या कामातून निघतो का, हे त्याच कागदाच्या मागे मांडून बघा.

माझं मत विचाराल तर पहिल्याच दिवशी कर्जाला जाऊ नका. आधी बचतीतून होईल तेवढंच सुरू करा, गिऱ्हाइकाचे पैसे घरखर्चाच्या खात्यात न घेता वेगळ्या खात्यात यूपीआयने घ्या, आणि तीन-चार महिन्यांचं स्टेटमेंट हातात घेऊन मग शाखेत जा. दोनशे, साडेतीनशे, दीडशे अशा बारीक बारीक जमा दिसल्या की समोरच्याला हा व्यवसाय चालू आहे हे वेगळं पटवावं लागत नाही.

अर्ज दिल्यावर पोच घ्या, त्यावर तारीख आणि शिक्का असू द्या. नाही म्हणाले तर कारण लेखी मागा. कोटेशन जुनं आहे, पत्ता जुळत नाही, असं काही असेल तर ते दुरुस्त करून त्याच शाखेत किंवा दुसरीकडे पुन्हा अर्ज करता येतो.