वेल्समधल्या घरांतली 'जहाजाची' लाकडं

वेल्समधलं कुठलंही जुनं शेतघर बघायला जा, वरच्या काळ्या, वाकड्या तुळयांकडे बोट दाखवून कुणीतरी सांगतंच: "ही मोडलेल्या जहाजाची लाकडं." शिवाय हौसेने १५८८च्या स्पॅनिश आरमाराचं, म्हणजे इंग्लंडवर चालून आलेल्या स्पेनच्या युद्धनौकांच्या ताफ्याचं, नावही जोडलं जातं. पण हे बहुतेकदा खरं नसतं.

वेल्सच्या पॉविस परगण्यातलं हावोदिगारेग हे जुनं घर घ्या. तुळयांमधल्या वर्षवलयांवरून त्याचं लाकूड १४०२मध्ये तोडल्याचं सिद्ध झालंय. म्हणजे ते आरमार निघालं तेव्हा या घराला १८६ वर्षं झाली होती! शिवाय घर समुद्रापासून बरंच आत, डोंगराळ भागात. आसपास ओक उभे असताना बैलगाडीने जुनी तुळई कोण ओढत आणेल?

मग वाकडेपणा कुठून आला? सुतार मुद्दामच वाकलेलं झाड निवडायचे. ते उभं चिरलं की दोन जुळे पाय मिळत. ते समोरासमोर टेकवून जमिनीपासून आढ्यापर्यंत कमान उभी राही. तिला 'क्रक' म्हणतात. ओक ओला असतानाच घडवत, त्यामुळे सुकताना तो आणखी पिळे. काळा रंग डांबराचा नव्हे, काजळीचा. धुराडी येण्याआधी चूल घराच्या मधोमध असे आणि धूर छपरातून वाट काढी. तुळयांवरच्या रिकाम्या खाचाही जहाजाच्या नव्हेत; त्या काढून टाकलेल्या लाकडी आडभिंतींच्या, किंवा आधीच्या घरातून उचललेल्या वाशांच्या.

बंदराजवळच्या घरांत जहाजाचं लाकूड क्वचित सापडतं, हे खरं. पण तिथेही नुसता वाक नव्हे, लोखंडी खिळ्या-बोल्टांच्या खुणा शोधाव्यात.