प्रतिजन सादरीकरण : ‘क्रॉस’ या शब्दाची पार्श्वभूमी

कोविडच्या लशींबद्दल पुण्यात बोलणे निघाले की एक आकृती हमखास पुढे येते : पेशीने स्वतः बनवलेले प्रथिन वर्ग-१ वर, बाहेरून गिळलेले वर्ग-२ वर. हे दोन्ही वर्ग म्हणजे प्रथिनांचे तुकडे पेशीच्या पृष्ठभागावर धरून टी-पेशींना (प्रतिकारशक्तीच्या पेशींना) दाखवणारे रेणू. त्यानुसार पुण्याजवळच्या मांजरी गावात बनलेली व्हेक्टर लस (निरुपद्रवी विषाणूतून जनुक पोचवणारी) आणि हिंजवडीची एमआरएनए लस पहिल्या वाटेला, तर पुण्यातच वेगळा केलेला विषाणू निष्क्रिय करून बनवलेली लस दुसऱ्या. आकृती बरोबर आहे, पण अपुरी.

ती उभी राहिली १९८०च्या दशकातल्या प्रयोगांवर. मॅक्रोफेज (परका माल गिळणाऱ्या पेशी) प्रतिजन, म्हणजे टी-पेशींनी ओळखायचे प्रथिन, देण्याआधीच पॅराफॉर्मल्डिहाइडने स्थिर केले (मारून होत्या तशा गोठवल्या), तर टी-पेशी ढिम्म राहतात. प्रतिजन देऊन तासाभराने केले, तर प्रतिसाद येतो. आधीच कापलेला पेप्टाइड (प्रथिनाचा छोटा तुकडा) दिला, तर स्थिर पेशीही पुरतात. म्हणजे मधला तास कापण्याचा. हा प्रयोग दोन ठिकाणी फसतो. पॅराफॉर्मल्डिहाइड पुरते धुतले गेले नाही तर टी-पेशीच मरतात. आणि सीरममधली प्रोटिएज विकरे पेप्टाइड परस्पर कापतात, तेव्हा ते श्रेय स्थिर पेशींच्या पदरात पडते. वर्ग-१ च्या खाचेत साधारण ८ ते १० अमिनो आम्ले बसतात; वर्ग-२ ची खाच दोन्ही टोकांना उघडी, तिथे १३ ते २५.

खरा गुंता ‘क्रॉस’चा. १९७६ साली उंदरांना वेगळ्या एच-२ प्रकाराच्या (एच-२ म्हणजे उंदरातले वर्ग-१, वर्ग-२ चे रेणू ठरवणारी जनुके) पेशी टोचल्या, तरी मारक टी-पेशी तयार झाल्या त्या यजमानाच्या एच-२ शी बांधलेल्या. यजमानाच्या पेशींनी परका माल उचलून आपल्या वर्ग-१ वर मांडला होता. ओलांडली गेली ती एच-२ ची सीमा, ‘क्रॉस-प्रायमिंग’ हे नाव तिचे. पुढे ‘क्रॉस-प्रेझेंटेशन’ रूढ झाले आणि बाहेरून आत, एका मार्गावरून दुसऱ्यावर, असा अर्थ त्याला चिकटला. या अर्थाने बरेच नुकसान केले, कारण गिळलेला माल पुटिकेतून (गिळताना बनलेल्या पिशवीतून) पेशीद्रवात उतरलाच पाहिजे हे त्यात गृहीत धरले जाते. तो पुटिकेतच कॅथेप्सिन-एस या विकराने कापला जाऊन तिथेच वर्ग-१ वर चढू शकतो.

पेशीद्रव की पुटिका, हा वाद सोडवायला टॅप (पेशीद्रवातले पेप्टाइड वर्ग-१ कडे नेणारे वाहक प्रथिन) नसलेल्या पेशी वापरतात. त्यांत सादरीकरण घटले की पेशीद्रवाचा मार्ग सिद्ध झाला असे मानले जाई. पण टॅपविना वर्ग-१ चे रेणू रिकामे राहतात आणि ३७ अंशांवर पृष्ठभागावरून विरघळल्यासारखे नाहीसे होतात. मग पुटिकेला वर्ग-१ चा पुरवठाच उरत नाही. याच पेशी २६ अंशांवर ठेवल्या की ते रेणू टिकतात. हे नियंत्रण नसलेला निष्कर्ष धरू नये.